गोळी आणि थेंब

६ जानेवारी १९५५, बोरी बुद्रुक

घोडेगावचं काम सुटलं. एस.टी.च्या गाड्या धुवायला ठेवलं होतं, आणि मी एक दिवस नुकत्याच धुतलेल्या गाडीत बसून डोंगरात निघून गेलो, कारण ड्रायव्हर म्हणाला, वर धुकं बघण्यासारखं असतं. होतं खरंच. पण ते साहेबाला सांगून काय उपयोग?

काल दिवस कलताना घरी पोचलो. आई म्हणाली, "आला का? हातपाय धू." बस्. का आलास, किती दिवस राहणार, काही नाही. दादानं गोठ्यातूनच मान हलवली. माझा थोरला भाऊ चांगदेव एवढंच बोलतो. आमच्या घराला मिळालेली सगळी बडबड माझ्या वाट्याला आली, असं आई म्हणते.

वहिनीनं पाण्याचा तांब्या दिला तेव्हा मी चमकलो. डावी पापणी बुबुळावर अर्धी उतरलेली. उजवीही जडच. मी म्हटलं, "काय वहिनी, झोपा काढता का काय दिवसाच्या?" ती हसायला गेली, पण ओठ नुसते आडवे झाले, कुणावर चिडल्यासारखे.

दादाच्या लेकीचा पाळणा गुंडाळून आढ्याला टांगलेला. मी विचारलं, "आन् ठकू कुठाय?" वहिनी चुलीकडं वळली. मग आईच म्हणाली, "आण्याला हाय, तिच्या आजीकडं. तू भाकरी खा."


८ जानेवारी

सकाळची वहिनी वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. सकाळी पाण्याला जाते, दळते, बोलतेही भराभरा. दुपारपासून तिच्यातलं काहीतरी ओसरत जातं. दिवे लागायच्या वेळेला पापण्या मिटतात, शब्द नाकातून येतात, भाकरीचा घास चावता चावता मध्येच थांबते आणि हनुवटीला हात लावून जबडा वर ढकलते. मी बघितलं. तिनंही मी बघितलं ते बघितलं.

आज गोवऱ्या उचलताना स्वतःहूनच बोलली. दिवाळी झाल्यावर ठकूला अंगावर पाजत होती. "हात माझं ऐकंनात, भावजी. मी म्हनतीय धर, आन् हात खालीच. लेकरू घरंगळलं. ज्वारीचं पोतं व्हतं म्हनून." ठकूला खरचटलंही नाही. पण दोन दिवसांनी वहिनीची आई आली आणि नातीला आण्याला घेऊन गेली. आणे म्हणजे वहिनीचं माहेर, वर पठारावर. शेजारची भागू म्हणते, बाहेरचं लागलंय. अंगारा झाला, उतारा झाला.

"आता बसायला लागली आसंल," वहिनी म्हणाली. "मला वळखंल का वो?"

मी म्हटलं, न वळखायला काय झालं. मग मी उगाच घोडेगावच्या धुक्याचं सांगत बसलो. मला असल्या वेळी दुसरं काही सुचत नाही.


१७ जानेवारी, जुन्नर

आज लिहायला पुष्कळ आहे.

कुशाबा कंडक्टर माझा घोडेगावचा दोस्त. त्यानंच सांगितलं, की जुन्नरच्या पेठेत वजीर डॉक्टर आहे, बाप अत्तरं विकायचा, पोरगा पुण्याला शिकून आला, पैशासाठी हपापलेला नाही. मी घरी विषय काढला. आई म्हणाली, डाक्टर काय करनार, तिला ताप ना खोकला. दादा काही बोलला नाही. पण आज पहाटे बघतो तर बैलगाडी जुंपलेली.

डॉक्टरनं वहिनीला वर बघत राहायला सांगितलं. थोड्या वेळात पापण्या पडद्यासारख्या खाली आल्या. मग हात आडवे धरायला लावले. तेही आले. डॉक्टर स्वतःशीच म्हणाला, "वाटलंच." त्यानं एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, बसा निवांत.

बसलो. बाहेर एकजण कल्हई लावत होता, ते बघायला मी उठलो. नवसागर टाकला की कसा पांढरा धूर उठतो आणि भांडं चांदीचं होतं! परत आलो तर दादा उभा होता, आणि वहिनी त्याच्याकडं बघत होती. दोन्ही डोळे टक्क उघडे. मग ती म्हणाली, अगदी स्वच्छ आवाजात, "अवो, तुमच्या कानावर पांढरा केस आलाय."

दादानं कान झाकला. माझा दगडासारखा भाऊ, त्यानं कान झाकला.

डॉक्टरनं मग समजावलं. हात उचल असा निरोप नसांतून येतो, तो शेवटी एका रसाच्या रूपानं मांसाच्या दाराशी पोचतो आणि दार उघडतो. वहिनीच्या दारांना तो रस पुरत नाही. सकाळी विसाव्यानं थोडं भागतं, दिवसभरात आटतं. का होतं ते विलायतेतही कुणाला ठाऊक नाही. गोळीचं काम एवढंच, की आलेला रस लवकर विरू द्यायचा नाही, म्हणजे तो दारावर जास्त वेळ धक्के देतो.

"पण," डॉक्टर म्हणाला, "तोच रस पोटालाही लागतो, लाळेला लागतो, घामाला लागतो. तिकडंही दारं उघडतात. पोटात मुरडा येईल, तोंडाला पाणी सुटेल. त्यासाठी हे थेंब, बेलाडोनाचे. ते स्वतः काही उघडत नाहीत. पोटाच्या दाराशी जाऊन नुसते अडून बसतात. हातापायाच्या दारांना ते बसतच नाहीत, ती दारं निराळ्या घडणीची आहेत."

दादा जमिनीकडं बघतच म्हणाला, "पाटाचं पानी म्हना की."

"कसं?"

"पाट येकच. कांद्याच्या वाफ्यात पानी पायजे. पर मधीच परड्याकडं बी फूट असती. मंग परड्याचं दारं मातीनं धरायचं, म्हंजी पानी वाफ्याला जातं."

डॉक्टर हसला. "तसंच. गोळी म्हणजे पाणी, थेंब म्हणजे माती. आता पाणी किती आणि माती किती, ते काही पुस्तकात मिळायचं नाही. यांच्या अंगावरच बसवावं लागेल. थोडं वाढवायचं, थोडं कमी करायचं, आणि मला येऊन सांगायचं. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, म्हणजे चावता येईल."

"आन् लेकरू कधी आनू?" वहिनीनं विचारलं.

"हात टिकायला लागले की."


२२ जानेवारी

गोळी लागू पडली. वहिनी संध्याकाळी गाणं पुटपुटत होती, तिला वाटलं कुणी ऐकत नाही.

पण विहिरीवर आज फजिती. बायकांच्या घोळक्यात मुरडा आला, तोंडातून लाळ गळायला लागली, कमरेत वाकून ती बांधापलीकडं पळाली. भागूनं लगेच विचारलं, "काय गं शीला, पुन्ना दिवस गेले का काय?" सगळ्या हसल्या. वहिनी घरी येऊन माझ्यासमोर रडली नाही, पण चूल फुंकत बसली, आणि चूल चांगली पेटलेली होती.


२६ जानेवारी

थेंब वाढवले. आता पोट गप्प. पण तोंड कोरडं पडतं, जीभ टाळ्याला चिकटते, आणि जवळचं दिसत नाही. सुईत दोरा ओवेना, मी ओवून दिला. भाकरी करपली तरी दिसली नाही.

विचारलं तर म्हणते, "बरं हाय." कमी केले तरी बरं हाय. जास्त केले तरी बरं हाय. अशानं मेळ बसायचा कसा?

शाळेत आज झेंडावंदन झालं. मी बघायला गेलो, तिथून एका पोरासोबत पतंग लुटायला गेलो, तिथून नदीवर.


३१ जानेवारी

हे लिहू की नको, असं झालंय.

दादा पितो आहे.

मला खात्री आहे. परवा दुपारी बियाण्याची पिशवी हातभर लांब धरून बघत होता आणि तरी ते अक्षर लागेना. उन्हात कपाळावर हात धरून चालतो, डोळे काळेभोर, चकाकणारे, मधला तपकिरी रंगच दिसेना. सारखा माठाकडं जाऊन घटाघटा पाणी पितो. काल बैलाचा कासरा बांधायला गेला आणि खुंटा एका बाजूला, हात भलतीकडं. बोलवलं तर "हां" एवढंही घसा खरवडून.

दारूबंदी असली तरी नदीकाठच्या भट्ट्या काय सगळ्या बंद पडल्या? मी घोडेगावला असताना दोनतीन जणांना ओळखतही होतो. बायको आजारी, लेकरू परगावी, आणि हा माणूस हे करतो! रात्री जेवताना मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंही नसेल. तो तसाही बोलत नाही.


४ फेब्रुवारी, जुन्नर

औषध आणायला दादासोबत आलो. मनात ठरवलं होतं, डॉक्टरसमोरच विषय काढायचा, चारचौघांत लाजला तर सुटेल.

मी तोंड उघडायच्या आधीच डॉक्टरनं दादाला उजेडात ओढलं. डोळ्यात बघितलं, नाडी बघितली. "काय राव, थेंब कुणाला दिले होते मी?"

दादा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.

"कधीपासून घेताय?"

"रोज न्हाई. मधनं मधनं. आधी कमी, मंग वाढवून."

"का पण?"

"ती सांगत न्हाई, डाक्टरसाहेब. इचारलं की बरं हाय म्हन्ती. म्हनलं, आपनच घेऊन बघावं, किती थेंबांनी काय व्हतं. मंग तिच्या तोंडाकडं बघून अंदाज बांधता यील." आणि पुढं म्हणाला, "सात थेंबांपतुर दिसतं. पुढं आक्षर पळतं."

डॉक्टरनं त्याचं मनगट सोडलं. मग म्हणाला, "तुमच्यात हा रोग नाही, गोळी नाही. तुमचा आणि त्यांचा हिशोब सारखा नाही जुळणार. पुन्हा घ्यायचे नाहीत, विष आहे ते. कळलं?" पण वहिनीच्या कागदावर त्यानं सहा थेंब लिहिले.

परत येताना गाडीत मी दादाशेजारी बसलो. त्याला विडी पेटवून दिली.


१२ फेब्रुवारी

मेळ बसला! पोटाची तक्रार अजिबात नाही. लाळ नाही, मुरडा नाही. घरात मामाकडची माणसं कांदा काढायला आलीत, दोन्ही वेळा मोठी पंगत, आणि वहिनी सगळ्यांना वाढते, उभ्यानं, शेवटच्या माणसापर्यंत. मग पुरुष उठले की आई आणि मामी बसतात, त्यांना वाढते. मग उरलेलं घेऊन चुलीशी बसते. आमच्याकडं सुनेचं असंच असतं. मामी म्हणाली, "प्रयागबाई, सून तुमची वाघीन झाली की वो." आईला बरं वाटलं, दिसलं मला.

वहिनी म्हणाली, कांदा आटोपला की आण्याला जायचं. ठकूसाठी झबलं शिवायला घेतलंय.

थेंबांची बाटली बरीच खाली गेलीय. बूच नीट बसत नसेल. नवं बूच आणायला हवं. चुलीपुढं बसली असताना तिच्या पोटऱ्या आतून फडफडताना दिसल्या, जसं घोड्याचं कातडं माशी बसली की हलतं. मी म्हटलं, थंडी वाजती का? म्हणाली, "न्हाई वो, बरं हाय."


१६ फेब्रुवारी, जुन्नर

काल दुपारी पंगत उठली. मी ओट्यावर मामाशी पैलवानांच्या गोष्टी करत होतो. आत भांडं पडलं.

वहिनी चुलीशी बसलेली, पुढं ताट, भाकरीचा एक तुकडा मोडलेला. मान छातीवर पडलेली. उचलायला गेलो तर डोकं हातात नुसतं लोंबलं. डोळे मिटलेले, पण ती जागी होती, बोट हलवत होती. श्वास उथळ, वरच्या वर. घशात काहीतरी घरघरत होतं.

मी औषधाची डबी उघडली. अशक्त झाली म्हणजे गोळी, एवढं मला समजत होतं. गोळी तिच्या ओठांपाशी नेली तर दादानं माझं मनगट धरलं.

"नको. गिळता यीना तिला. आडकंल."

"मंग मरू द्यायचं का?"

"गाडी जुंप."

फाट्यापर्यंत मी त्याच्याशी भांडत होतो. गोळी माझ्या मुठीत. तो तिला छातीशी टेकवून बसला होता, तिची मान आपल्या हातावर तोलून, आणि मधून मधून तिच्या तोंडातलं पाणी धोतराच्या टोकानं टिपत होता. आई शेजारी, नुसती "शीले, शीले" म्हणत. मी म्हटलं, तू दगड आहेस. खरंच म्हटलं. हे इथं लिहून ठेवतो.

आळेफाट्यावर जुन्नरची गाडी उभी होती, आणि दारात कुशाबा! "सया, लेट हाय गाडी, लटकू नगस," म्हणाला आणि मग त्यानं बघितलं. मागचं लांब बाकडं एका मिनिटात मोकळं केलं. घंटी मारायच्या आधी गाडीत ओरडला, "मधी कुटंच थांबनार न्हाई. ज्याला उतरायचं त्यानं आत्ताच उतरा."

कुणी उतरलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "मला वारुळवाडीला लेकीकडं जायाचं व्हतं. पर आसू दे, जुन्नर बघून बी लई दिस झालं." त्याच्या बायकोनं वहिनीच्या पायांखाली आपली चोळी-लुगड्याची गठडी उशासारखी दिली. ड्रायव्हर घोडेगावचाच, मला धुकं दाखवणारा. त्यानं गाडी अशी सोडली, की नारायणगावच्या वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर.

दवाखान्यात मी पहिलं म्हणालो, "डॉक्टर, गोळी द्या, ह्यानं देऊ दिली न्हाई."

डॉक्टरनं तिच्या पोटऱ्या उघड्या करून बघितल्या. फडफडत होत्या. दंडही. त्याचा चेहरा उतरला. "किती गोळ्या घेतल्यात यांनी?"

दिवसाच्या तीन, मी म्हटलं आणि खिशातली डबी पुढं केली. त्यानं डबी माझ्या हातातून घेऊन उलटी केली, मोजल्या, आणि माझ्याकडं बघितलं.

"चांगदेवराव," तो म्हणाला, "कांद्याला पाणी कमी पडलं तर काय होतं?"

"मान टाकतो."

"आणि वाफ्यात पाणी साचून राहिलं तर?"

दादानं वहिनीकडं बघितलं. "तवाबी मानच टाकतो."

"हे साचलेलं आहे. रस इतका झालाय, की दारं उघडी पडून थकली, मिटून पुन्हा उघडायलाच तयार नाहीत. एरवी आधी पोट बोंबललं असतं, लाळ सुटली असती, आपल्याला कळलं असतं. पण परड्याचं दारं मातीनं गच्च बुजवलेलं. तिकडं थेंबभर पाणी दिसेना, म्हणून पाट किती चढलाय ते कुणाला कळलंच नाही."

मी मूठ उघडली. गोळी घामानं विरघळून तळहात पांढरा झाला होता.

मग काहीच न देता बसायचं होतं. ते सगळ्यात अवघड. डॉक्टरनं तिला उशांना टेकवून बसतं केलं, घसा साफ करत राहिला, श्वास फारच उथळ झाला की बरगड्यांवर हातानं दाब देऊन मोकळा करायचा. दादाला तसंच करायला शिकवलं. उरलेला सगळा वेळ दादाच करत होता. आई कोपऱ्यात पदर तोंडात धरून. मी दारात. कल्हईवाला कालही होता, पण मी तिकडं गेलो नाही.

आज सकाळी तिनं मान स्वतःहून उचलली. पहिला शब्द "पानी." दुसरा दादाला, "तुमी जेवला का?"


१८ फेब्रुवारी, जुन्नर

वहिनी बोलते आहे, थांबून थांबून. डॉक्टरनं रागावून नाही, समजावून विचारलं, जास्तीच्या गोळ्या का.

ती भिंतीकडं बघून म्हणाली, "तुमी म्हनला, जेवायच्या आर्दा तास आधी घ्या. घेतली. मंग पंगत बसली. वाढस्तवर हात चांगलं चाललं. माझं ताट घ्यायची येळ आली तवर ती उतरली. घास चावंना. मंग दुसरी घेतली. संध्याकाळीबी तसंच." आणि थेंब? "वाढता वाढता मधीच उठून पळावं लागलं तर पावन्यांत काय म्हनतील. म्हनून जास्त घ्यायची. पोट गप ऱ्हायचं. मला वाटलं, गप हाय म्हंजी बरं हाय."

डॉक्टर कपाळाला हात लावून बसला. "माझी चूक," तो म्हणाला. "जेवणाआधी म्हटलं. कुणाच्या जेवणाआधी, ते विचारलंच नाही."

आई तिथंच होती. उठून बाहेर गेली आणि बराच वेळ दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. मी गेलो तर म्हणाली, "जा, तिच्यापाशी बस." मला वाटतं ती वहिनीवर रागावली आहे. आधीच आजार, त्यात हे.

नवा हिशोब ठरला. गोळ्या पहिल्यापेक्षा कमी, आणि थेंब अगदी थोडे. वहिनीनं विचारलं, "मंग पोट दुखंल की." डॉक्टर म्हणाला, "थोडं दुखू दे, बाई. सगळं दारं बुजवायचं नाही. थोडी फट ठेवायची. परडं ओलं झालं की समजायचं, पाणी पुरे. ते कुरकुरणं तुमचं राखणदार आहे."


२३ फेब्रुवारी, बोरी

घरी आलो.

आज दुपारी मामा, दादा, मी, सगळे पाटांवर बसलो. वहिनी परातीला हात घालणार तेवढ्यात आईनं परात ओढून घेतली. चुलीजवळ एक पाट टाकला, ताट वाढलं, भाकरी कुस्करून वर दूध घातलं.

"बस."

"आत्या, मानसं बसल्यात—"

"बसू दे. त्यांच्या जबड्याला काय झालं न्हाई. थांबत्यात."

मामा म्हणाले, "आगं पर आक्का, सुनेला आधी—"

"तुला भूक लागली आसंल तर कांदा हाय पोत्यात. खा."

वहिनी भिंतीकडं तोंड करून जेवली. तिचं जेवण होईपर्यंत आमच्यापैकी कुणी पाण्याचा घोटही घेतला नाही. दादा आपल्या रिकाम्या ताटात बघत होता. घरात नुसता तिच्या चावण्याचा आवाज. मग तिनं हात धुतले आणि वाढायला उठली, तर आई म्हणाली, "आता वाढ. आता हात हायेत."

जुन्नरला मी जो आईचा राग लिहिला, तो बहुतेक राग नव्हता.


२७ फेब्रुवारी

भागूनं गावभर केलं, की प्रयागबाईची सून सासूच्या आधी जेवते. आई विहिरीवर म्हणाली, "व्हय. आन् उद्यापास्नं तुझ्या घरचंबी तीच जेवंल. धाड भाकरी." भागू दोन दिवस विहिरीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी लोणचं घेऊन आली.

वहिनीचं पोट रोज थोडं कुरकुरतं. कुरकुरलं की ती सांगते. मोठ्यानं सांगते, सगळ्यांसमोर. दादा मग विचारतो, "किती?" आणि ती बोटांनी दाखवते.


११ मार्च, आणे

आज आण्याला आलो. बैलगाडीनं, घाट चढून. वर पठारावर वारा इतका, की बोललेलं पाठीमागे जातं. कुशाबाचा निरोप आलाय, घोडेगावला पुन्हा माणूस हवाय गाड्यांवर, म्हणे या वेळी धुकं नंतर बघ. मी अजून काही ठरवलेलं नाही.

वहिनीच्या माहेरी ओसरीवर तिचे वडील, चुलते, गावातले चारपाच म्हातारे बसलेले. ठकू आजीच्या कडेवर. बसायला काय, धरून उभी राहायला लागली आहे! वहिनीनं हात पुढं केले. ठकूनं एकदा बघितलं, आजीच्या मानेत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं.

मला वाटलं आता वहिनी कोसळते. पण तिनं हात मागं घेतले. म्हणाली, "आये, मला आधी जेवायला वाढ." तिची आई बघतच राहिली. वहिनीनं गोळी घेतली, वेळ जाऊ दिला, सगळ्यांच्या आधी शांतपणे जेवली. मग ओसरीवर येऊन खाली सतरंजीवर बसली, ठकूकडं न बघता, आणि ज्वारीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतायला लागली. पुन्हा पुन्हा. हात बिलकूल डळमळत नव्हते. मीसुद्धा ते बघत बसलो.

ठकू आधी आजीच्या कडेवरून उतरली. मग रांगत आली. वाटीत हात घातला. दाणे उधळले. वहिनीनं पुन्हा भरले, तिनं पुन्हा उधळले. कधीतरी ती वहिनीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि मग मांडीत बसली, आणि मग तिथंच झोपली.

बराच वेळ तसाच गेला. वहिनी वाकून तिचा वास घेत होती. मी दुसरीकडं बघितलं.

मग तिच्या कोपराला कंप आला. मला दिसला. हे दोन महिने ती असल्या वेळी काय करायची ते मला ठाऊक आहे: ओठ आवळायची, अंग भिंतीला टेकायची, आणि बरं हाय म्हणायची.

"अवो," ती म्हणाली. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं. "घ्या हिला. माझं हात उतराया लागलं."

आमच्या भागात बाप वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू हातात घेत नाही, सासुरवाडीत तर नाहीच. लाज असते. वहिनीचे वडील खाकरले. चुलत्यांनी पानाच्या चंचीत बोटं घातली. तिची आई पुढं व्हायला लागली.

दादा त्यांच्या आधी उठला. हात धोतराला पुसले, गुडघ्यावर बसला, आणि वहिनीच्या हातांखाली आपले हात घालून तिचं वजन आधी आपल्यावर घेतलं, मग लेकराचं. ठकू जागी झाली नाही. तो तिला घेऊन सगळ्यांच्या मधोमध तसाच बसून राहिला, मान खाली, कान लाल.

वहिनीनं दोन्ही हात मांडीवर मोकळे पडू दिले, कुणापासून न लपवता.